ऑनलाइन चर्चागट: प्रश्न कसा मांडावा आणि शिक्षकाने केव्हा बोलावे

विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन चर्चागट सुरू करणे सोपे असते. त्यात खरी चर्चा घडेल की नाही, हे मात्र बव्हंशी शिक्षकाच्या पहिल्या प्रश्नावर ठरते. ‘सरासरी आणि मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी संख्या) यांतील फरक स्पष्ट करा’ असे विचारले, तर पहिले उत्तर बरोबर येते आणि बाकीचे तेच शब्द फिरवून लिहितात. त्याऐवजी असे विचारावे: पाचपैकी चौघांना २० आणि एकाला ९५ गुण मिळाल्याने सरासरी ३५ आली, उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागत असतील, तर या गटाची कामगिरी समाधानकारक म्हणता येईल का? मग कोणी सरासरीची बाजू घेतो, कोणी मध्यक २०च असल्याचे दाखवून देतो, आणि एखादी विद्यार्थिनी विचारते की ते ९५ गुण वगळण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला. अशा प्रश्नावर विद्यार्थी एकमेकांचे लिखाण खरोखर वाचतात.

गट सहा ते आठ जणांचा असावा. मूडल ही ऑनलाइन अध्यापनाची प्रणाली वापरत असाल, तर त्यातील प्रश्नोत्तर स्वरूपाची चर्चा निवडावी. स्वतःचे उत्तर लिहिल्याशिवाय तिथे इतरांची उत्तरे दिसत नाहीत. मुदती दोन द्याव्यात, एक स्वतःच्या उत्तरासाठी आणि दुसरी, तीन-चार दिवसांनंतरची, प्रतिसादांसाठी. एकच मुदत दिली, तर सगळे शेवटच्या रात्री लिहितात आणि कोणीच कोणाचे वाचत नाही.

गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या शिक्षणसंशोधकांनी २००० साली ऑनलाइन शिक्षणासाठी मांडलेल्या चौकटीत विचारप्रक्रिया आणि सामाजिक जवळीक यांच्या जोडीला शिक्षकाच्या अस्तित्वालाही स्थान आहे. हे अस्तित्व जाणवले पाहिजे. पण शिक्षकाने लगेच बरोबर उत्तर देऊन टाकले, की चर्चा तिथेच थांबते, आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान याच घाईने होते. ‘तुमचे दोघांचे म्हणणे कुठे वेगळे पडते?’ एवढे विचारून थांबावे. चुकीची समजूत गटात रुजू लागली आणि कोणीच ती खोडून काढत नसेल, तेव्हा मात्र स्पष्ट बोलावे. बुजणाऱ्या विद्यार्थ्याला सर्वांसमोर टोकू नये, खासगी संदेशातून त्याला लिहिते करावे.

गुण पोस्टच्या संख्येला देऊ नयेत. दुसऱ्याचा मुद्दा नेमका पकडून त्यावर कारणासह सहमती किंवा असहमती नोंदवली आहे का, हे पाहावे, आणि हा निकष चर्चा सुरू होण्यापूर्वीच एखाद्या नमुना प्रतिसादासह गटात ठेवावा.