आधी पॉवर सप्लाय हातात घेऊन बघ
पुतण्या विचारत होता, "काका, नवा पीसी जोडतोय, ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?" म्हटलं, आधी मॉनिटर कुठला ते सांग. १०८०पीचा, म्हणजे फुल एचडी असेल तर आरएक्स ६६०० कार्ड पुरतं. सगळ्यात जास्त पैसे कार्डावरच जाऊ देत. प्रोसेसर रायझन ५ ५६००. त्याला थंड ठेवणारा कूलर डब्यातच येतो. फक्त या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्ड येईपर्यंत स्क्रीन काळीच. रॅम ८ जीबीच्या दोन कांड्या घे, १६ ची एकच नको.

आता पॉवर सप्लाय, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. माझ्या पहिल्या पीसीला कॅबिनेटसोबत 'फुकट' आलेला लावला होता. मे महिन्यात लाइट गेली, आली आणि फट्‌! वास सुटला, मदरबोर्डही गेला. काढून बघतो तर सप्लाय रिकाम्या डब्यासारखा हलका. तेव्हापासून आधी वजन बघतो, मग ८० प्लसचा शिक्का (वीज कमी वाया घालवतो याची खूण), मग वॉरंटी. प्रोसेसर ६५ वॅटचा, कार्ड १३२ चं. चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा निवांत चालतो.

कॅबिनेटला समोर काच नको, हवा आत यायला जाळी हवी. सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार जातो, लेका, आणि आम्ही राहतो पूर्व भागात, भिंतीपलीकडे यंत्रमाग. आठवड्याभरात जाळीवर सुताच्या भुरभुरीची साय धरते. फिल्टर सुटा निघणारा बघ, जुन्या टूथब्रशनं झटकता येतो. रंगीत लाइटचे पंखे पुढच्या दिवाळीला.