प्लॉटर नेटवर्कवर कसा जोडावा, आणि अडला तर कुठनं बघायला सुरुवात करावी

"दादा, प्लॉटर परत ऑफलाइन दाखवालाय." कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसमधनं असा फोन आला की मी पहिल्यांदा एकच विचारतो: प्लॉटरच्या, म्हणजे ड्रॉइंगं छापणाऱ्या त्या मोठ्या प्रिंटरच्या, पॅनेलवरनं त्याचं स्वतःचं चाचणीपान काढून बघितलंस का? ते पान स्वच्छ आलं तर मशीन ठणठणीत आहे, घोळ कॉम्प्युटर आणि मशीनच्या मधे आहे. तेच पान तुटक-फुटक आलं तर राउटर, केबल, ड्रायव्हर (कॉम्प्युटरला मशीनशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) यांना हात लावायची गरज नाही. हा एक प्रश्न न विचारल्यामुळं लोक दिवसभर चुकीच्या टोकाला खटपट करत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून प्लॉटर जोडताना आणि दुरुस्त करताना मी ज्या क्रमानं जातो तो क्रमच इथं लिहितोय. हे सगळं ३६ इंची इंकजेट प्लॉटर डोळ्यांपुढं ठेवून लिहिलंय, पण २४ किंवा ४४ इंची मशीनलाही तसंच लागू पडतं.

जागा आणि वीज

मशीन भिंतीला चिकटवू नका. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंती ओल धरतात आणि कागद ती ओल ओढून घेतो. समोर साधारण मीटरभर मोकळी जागा हवी, नाहीतर ए झिरोचं ड्रॉइंग खाली उतरताना दुमडतं. स्टँड जोडून मशीन चढवायला दोघं लागतातच, एकट्यानं उचलायचं धाडस करू नका.

वायरमनला बोलावून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मीटर दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर आधी ते दुरुस्त करा. एप्रिल-मे महिन्यात वळीव कोसळतो तेव्हा लाइट ये-जा करते आणि विजा कडाडतात. इंकजेट प्लॉटरला वीज फार लागत नाही, त्यामुळं एक बरा यूपीएस त्याला पुरतो. राउटर आणि नेटवर्कचा स्विचही (केबली जोडायचा डबा) त्याच यूपीएसवर घ्या. वीज कडाडायला लागली की प्लॉटरमागची नेटवर्क केबल काढून ठेवायची सवय लावा, कारण त्या वाटेनंही झटका आत येतो.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ऑफिस बंद करताना मेन स्विच पाडून जायची पद्धत आपल्याकडं सर्रास आहे. इंकजेट प्लॉटरला ती घातक आहे. बटणानं बंद केलं की शाई सोडणारे हेड आपल्या जागेवर जाऊन टोपीखाली बसतात, मधेच वीज तोडली तर ते उघडे राहून वाळू शकतात. शिवाय वीज चालू असेल तर बरीच मशीन्स अधूनमधून स्वतःच हेड साफ करून घेतात. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस मेन बंद राहिल्यामुळं एका ऑफिसचा काळा हेड कायमचा गेलेला मी बघितलाय. प्लॉटरसाठी वेगळा स्विच काढून घ्या आणि तो रात्रीही चालू ठेवा.

पहिल्यांदा सुरू करताना

आतल्या सगळ्या रंगीत चिकटपट्ट्या आणि फोमचे तुकडे काढा. एकही राहिला तर हेडचा गाडा अडकतो. शाई नळ्यांमध्ये भरायला पाऊण तास लागू शकतो, तेवढा वेळ काहीही दाबू नका. पहिल्या कार्ट्रिजमधली बरीच शाई नळ्या भरण्यातच जाते, त्यामुळं पातळी एकदम खाली आलेली दिसली तरी घाबरू नका.

रोल घेताना आतल्या नळीचा व्यास बघा, तो दोन इंची असतो किंवा तीन इंची. तीन इंची असेल तर स्पिंडलवर अडॅप्टर चढवावा लागतो. रोल दोन्ही बाजूंनी घट्ट बसला, कड सरळ कापली आणि पॅनेलवर कागदाचा खरा प्रकार निवडला की पुढच्या निम्म्या तक्रारी उगवतच नाहीत.

केबल, मग आयपी

वाय-फाय असलं तरी केबल टाका. कॅट ६ ची केबल १०० मीटरपर्यंत चालते, तेवढं लांब कुठलंच ऑफिस नसतं. फक्त ती विजेच्या वायरींबरोबर एकाच पट्टीतनं नेऊ नका. केबल बसवल्यावर प्लॉटरच्या मागे पोर्टजवळचा दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर पुढं जाऊ नका, आधी केबल बदलून बघा. वायफायच वापरायचं असेल तर पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर प्लॉटर जोडू नका, तिथली उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. कित्येक प्लॉटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय ओळखतात, तेही आधी बघून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. प्लॉटरला कायमचा पत्ता द्या. राउटर प्रत्येक उपकरणाला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, वाटतो, पण तो उद्या बदलू शकतो. लाइट गेली आणि सगळं परत सुरू झालं की काल ५५ नंबरला असलेला प्लॉटर आज ६१ ला जाऊन बसतो. कॉम्प्युटर मात्र जुन्याच दारावर हाका मारत राहतो आणि पडद्यावर 'ऑफलाइन' दिसतं. मी बघितलेल्या ऑफलाइनच्या तक्रारींत हे कारण सगळ्यात जास्त वेळा निघालंय.

पत्ता कायम करायच्या दोन वाटा आहेत. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्लॉटरच्या मॅक अ‍ॅड्रेसच्या (नेटवर्कसाठी मशीनला कंपनीनंच दिलेल्या ओळखनंबराच्या) नावानं एक आयपी राखून ठेवायचा, ही पहिली आणि माझ्या मते चांगली. दुसरी म्हणजे प्लॉटरच्या पॅनेलवरनंच आयपी हातानं भरायचा. हातानं भरताना राउटर वाटतो त्या टप्प्याच्या बाहेरचा आकडा निवडा. राउटर १०० ते २०० वाटत असेल तर प्लॉटरला १९२.१६८.१.५० द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, आणि गेटवे म्हणून राउटरचा स्वतःचा पत्ता. मग तो आकडा कागदावर लिहून मशीनला चिकटवा.

यात एक सापळा आहे. इंटरनेट कंपनी बदलली की नवा राउटरचा डबा येतो आणि पुष्कळदा त्याचा सगळा पत्त्यांचा गटच वेगळा असतो. जुना १९२.१६८.१ वाला असेल तर नवा १९२.१६८.० किंवा १९२.१६८.२९ वाला निघतो. कॉम्प्युटर नव्या गटात जातात, हातानं आयपी दिलेला प्लॉटर जुन्यातच राहतो. इंटरनेट बदलल्यावर प्लॉटर बंद पडला असेल तर हेच झालंय असं समजून पहिल्यांदा इथंच बघा. नव्या डब्यात जुना गट भरून घेतला की सगळं पूर्ववत होतं.

कॉम्प्युटरवर बसवताना

ड्रायव्हर मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरनं नेमक्या मॉडेलचाच घ्या. विंडोज आपणहून प्लॉटर शोधून जोडतं तेव्हा पुष्कळदा डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट लावतं आणि तो मधेच झोपतो. त्यापेक्षा प्रिंटर जोडताना 'मॅन्युअली' निवडून टीसीपी-आयपी डिव्हाइस घ्या आणि मशीनवर चिकटवलेला आयपी टाका. पोर्टचा नंबर बहुतेक मशीन्सना ९१०० चालतो. प्लॉटर छापत असूनही विंडोज ऑफलाइन दाखवत असेल तर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपी स्टेटसची खूण काढा.

पहिली प्रिंट मोजपट्टीनं तपासा

इथं थोडं थांबतो, कारण शिवाजी उद्यमनगरात याची खरी किंमत कळते. फौंड्रीसाठी पॅटर्न (ओतकामाचे लाकडी नमुने) करणारे कारागीर एकास एक मापाची ड्रॉइंगं काढून घेतात आणि त्यावरनं थेट लाकूड कापतात. राखाडी बिडाचं ओतकाम थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्नमेकर तेवढी वाढ धरून माप घेतो. आता पीडीएफ छापताना 'फिट' हा पर्याय चालू राहिला तर ड्रॉइंग गुपचूप ९७ टक्क्यांवर येतं. मीटरमागे ३० मिलिमीटर गेले! कारागिरानं हिशेबानं धरलेल्या वाढीच्या तिप्पट चूक एका खुणेमुळं झाली, आणि ती ओतकाम झाल्यावरच कळते.

म्हणून नवीन प्लॉटर बसवला की ५०० मिलिमीटरचा एक चौरस काढा, 'अ‍ॅक्च्युअल साइज' निवडून छापा आणि स्टीलच्या पट्टीनं दोन्ही दिशांनी मोजा. दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात कमी भरल्या तर सॉफ्टवेअरमधली 'फिट' काढा. फक्त कागद सरकतो त्या दिशेनं फरक असेल तर मशीनचं पेपर अ‍ॅडव्हान्स कॅलिब्रेशन करा. १:१०० च्या प्लॅनवर १० मीटरची भिंत १०० मिलिमीटर भरली पाहिजे, आर्किटेक्ट लोकांनी एवढी एक ओळ तरी मोजावीच. साचा कापायचा असेल तर बाँड पेपरपेक्षा मॅट फिल्म घ्या. बाँड पेपर दमट हवेत फुगतो, पॉलिएस्टरची फिल्म आपलं माप धरून राहते.

अडलं तर: नेटवर्कची बाजू

चाचणीपान चांगलं आलं आणि तरीही कॉम्प्युटरवरनं प्रिंट जात नाही. आता पॅनेलवर प्लॉटरचा आयपी बघा. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर प्लॉटरला राउटरच सापडलेला नाही. केबल आणि स्विच बघा. आयपी बरोबर असेल तर कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पिंग लिहा आणि पुढं तो आयपी टाका. उत्तर आलं तर रस्ता मोकळा आहे, अडचण ड्रायव्हरमध्ये किंवा अडकलेल्या प्रिंटमध्ये आहे.

एकदा छापतो, एकदा नाही, असं होत असेल तर तोच आयपी दुसऱ्या कुणाकडं नाही ना ते तपासा. युक्ती सोपी आहे: प्लॉटर बंद करून पुन्हा पिंग करा. बंद मशीनच्या पत्त्यावरनंही उत्तर येत असेल तर तिथं दुसरंच कुणीतरी बसलंय. एका ठिकाणी दोन दिवस शोधल्यावर हे मला सापडलं. नव्यानं लावलेल्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरनं (रेकॉर्डिंगच्या डब्यानं) प्लॉटरचाच आकडा घेतला होता. तेव्हापासनं मी हे पहिल्या पाच मिनिटांत तपासतो.

प्रिंट रांगेत अडकून 'डिलीटिंग' असंच दाखवत राहिली तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस) थांबवा, सिस्टिम ३२ मधल्या स्पूल फोल्डरच्या आतल्या प्रिंटर्स फोल्डरमधल्या फायली पुसा आणि स्पूलर परत चालू करा. त्या कॉम्प्युटरवरच्या रांगेतल्या बाकीच्या प्रिंटही जातात, तेव्हा शेजारच्याला आधी विचारा.

ड्रॉइंग अर्धंच छापून थांबतंय आणि बाकीची नीट जातायत, तर दोष त्या फाइलचा. उपग्रहाचा फोटो खाली, त्यावर पारदर्शक रंग, त्यावर हजारो रेषा अशी पीडीएफ प्लॉटरच्या मेमरीला झेपत नाही. पीडीएफच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'प्रिंट अ‍ॅज इमेज' निवडा, ३०० डीपीआय पुरे.

अडलं तर: मशीनची बाजू

चाचणीपानावरच रेषा तुटक येतायत तर नोझल चेक (हेडच्या सगळ्या छिद्रांतनं शाई येते का ते दाखवणारं पान) काढा, एकदा हेड साफ करा, परत चेक काढा. फरक पडला तर आणखी एकदा. पण लागोपाठ आठ-दहा वेळा सफाई लावू नका, शाई सगळी मेंटेनन्स टाकीत (वाया जाणाऱ्या शाईच्या टाकीत) जाते आणि हेडला विश्रांतीच मिळत नाही. काही तास थांबून पुन्हा बघितलं तर बरेचदा काम होतं. रेषा दुहेरी दिसत असेल तर हेड अलाइनमेंट करा, आडवे पट्टे असतील तर पेपर अ‍ॅडव्हान्सचं कॅलिब्रेशन. रोल तिरका जात असेल तर काढून पुन्हा भरा, ओढून सरळ करू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र मशीनला दोष देण्याआधी कागद बघा. कोल्हापुरात त्या दिवसांत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि बहुतेक प्लॉटर ८० टक्क्यांपर्यंतच्याच हवेसाठी बनवलेले असतात. कागदाला लाटा येतात, हेड त्याला घासतो आणि काळे डाग पडतात. संध्याकाळी रोल काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह आडवा ठेवा. नवीन रोल वापरायच्या आदल्या दिवशीच खोलीत आणून ठेवा. वाळायचा वेळ पॅनेलवरनं वाढवा.

तळमजल्यावर दुकान असेल आणि २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात तुमच्या गल्लीत पाणी आलं असेल, तर राउटर, स्विच आणि यूपीएस छातीच्या उंचीवर बसवा. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीसारख्या भागात हे सांगावं लागत नाही. पाणी चढायला लागलं तर आधी बटणानं बंद करा, मग वायर काढा, आणि मशीन आहे तसंच, न कलवता उचला. तिरकं केलं की शाई बाहेर येते.

एवढं करूनही पॅनेलवर एररचा कोड तसाच राहिला तर मशीन बंद-चालू करण्याआधी त्या कोडचा मोबाइलवर फोटो काढा, कारण परत चालू केल्यावर तो पुसला जाऊ शकतो. मागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर आणि चाचणीपानाचा फोटो त्याबरोबर सर्व्हिसवाल्याला पाठवा. म्हणजे तो लागणारा पार्ट बरोबर घेऊनच येईल, आणि त्याची दुसरी फेरी वाचेल.