मलबार हिलला कामाला लागलात तरी लालबागची खोली सोडू नका

गावाहून ड्रायव्हर, आचारी, वरकामाला मुंबईत येणाऱ्या पोरांना माझं पहिलं सांगणं हेच. बंगल्यात राहायची सोय झाली तरी गावकीच्या खोलीतली, म्हणजे गावच्या माणसांनी मिळून धरलेल्या खोलीतली, आपली जागा धरून ठेवा. गिरण्यांच्या काळात वाडवडलांनी लालबाग-परळला या खोल्या घेतल्या. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण यातल्या कितीतरी खोल्या टिकल्या, त्या आपल्या माणसांच्या वर्गणीवर. महिन्याची वर्गणी चुकवू नका. पथारी आणि ट्रंकेपुरती जागा आपली राहते.

मी एका तेल कंपनीच्या मालकांकडे गाडी चालवायचो. इंजिन ऑइलची कंपनी, कारखाना तुर्भ्याला. माणूस मोठा कसबी. लॅबचा कागद हातात असला तरी बॅरल भरायच्या आधी नमुन्याचा थेंब अंगठ्या-बोटात चोळून बघायचे. तेल काळं पडलं म्हणजे खराब झालं असं नाही, ते इंजिनातली काजळी धरून ठेवतं, रंग बघून नको, किलोमीटर बघून बदल, हे मला त्यांनीच शिकवलं. अजून त्याच हिशेबाने तेल बदलतो.

साहेब गेले, वाटण्या झाल्या, आणि मागच्या खोल्यांतल्या आम्हा सगळ्यांना महिनाअखेर जागा रिकामी करायला सांगितलं. मी ट्रंक उचलून लालबागला आलो. आचारी मात्र बायकापोरांसकट तिथेच राहायचा. आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, सगळ्यावर बंगल्याचाच पत्ता. चालू वर्षात पोरांची शाळा सोडवून त्यांना गावी धाडावं लागलं. अशा कर्त्या माणसावर ही वेळ यायला नको होती, अजून जीव तुटतो. म्हणून कागदांवर गावाचाच पत्ता राहू द्या.

पगार घरातून मिळणार की कंपनीतून, हे पहिल्याच दिवशी विचारा. विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. कंपनीच्या पटावर घेतलं तर पीएफचा यूएएन नंबर, म्हणजे तुमचा कायमचा पीएफ नंबर, मागून घ्या. घरातून मिळत असेल तर रोख नको, खात्यात जमा करायला सांगा.

कामावर जाताना लालबागहून चालत लोअर परळ गाठा आणि स्लो लोकल पकडा. ग्रँट रोडला उतरा.

गणपतीची रजा पाडव्यालाच सांगून ठेवा. कोकण रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता उघडतं आणि बघता बघता संपतं. त्या वेळी तुम्ही स्टिअरिंगवर असणार, तेव्हा तिकीट काढायचं काम खोलीतल्या कुणाकडे तरी आदल्या रात्रीच सोपवा.