फेडरल कॉन्ट्रॅक्ट वाटाघाटीने ठरलंय, आता अवॉर्डचा फॉर्म कुठला?

वॉशिंग्टनच्या आसपास आपली जी मंडळी सरकारी कॉन्ट्रॅक्टच्या कागदपत्रात आहेत, म्हणजे टेबलाच्या अलीकडची असोत की पलीकडची, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अवॉर्डची, म्हणजे कंपनीला कॉन्ट्रॅक्ट द्यायची वेळ आली की सगळे काय करतात, तर जुनी फाईल उघडतात, त्यातला फॉर्म कॉपी करतात, नावं आणि आकडे बदलतात आणि सुटतात. हे बंद करा. ती जुनी फाईल सीलबंद बोलीची असेल तर तिची सहीची पद्धतच वेगळी असते, आणि तीच चूक मग पुढच्या प्रत्येक फाईलमध्ये उतरत जाते.

किंमत ठरलीय, फंड आहे, मंजुऱ्या झाल्यात हे धरून चालतो.

आधी खरेदी कुठल्या प्रकारची ते बघा. बाजारात सर्रास मिळणारी वस्तू किंवा सेवा असेल तर एसएफ (स्टँडर्ड फॉर्म) 1449. तो छोट्या खरेदीच्या मर्यादेच्या वर वापरायचा; ही मर्यादा 1 ऑक्टोबर 2025 पासून साडेतीन लाख डॉलर आहे, त्याआधी अडीच लाख होती. त्या मर्यादेच्या आतही तोच वापरा, कोणी अडवत नाही. बांधकाम असेल तर एसएफ 1442. आर्किटेक्ट-इंजिनिअरचं काम असेल तर एसएफ 252. या तिन्हीत बसत नसेल तरच पुढे वाचा.

उरलेल्यांसाठी तीन पर्याय आहेत: ओएफ (ऑप्शनल फॉर्म) 307, एसएफ 26, एसएफ 33. कोणी म्हणेल एसएफ 26 कंपल्सरी आहे, तर नाहीये. खरेदीच्या नियमपुस्तकात, एफएआरमध्ये, 15.509 ला 'वापरता येतील' एवढंच म्हटलंय. त्यामुळे फॉर्म कुठला यावर तासभर वाद घालू नका, खरा प्रश्न आहे सही एकाची, म्हणजे फक्त सरकारची, की कंपनी धरून दोघांची.

मला सुरुवातीला सगळ्यात जास्त छळलं ते इथेच, कारण जो तो वेगळं सांगायचा. एक म्हणे कंपनीने प्रपोजलवर सही केलीय ना, मग पुन्हा कशाला, दुसरा म्हणे नेहमी दोघांची घे, सेफ असतं. दोघंही अर्धवट बोलत होते. नियम (15.504) असा आहे की कंपनीचं शेवटचं सही केलेलं प्रपोजल घ्यायचं, त्यात कंपनीने नंतर लेखी पाठवलेल्या दुरुस्त्या मिळवायच्या, आणि ते सगळं अवॉर्डच्या कागदाशेजारी ठेवून ओळीने ओळ ताडून बघायचं. काही वेगळं निघालं तर दोघांची सही, नाही निघालं तर सरकारची एकट्याची चालते. आणि वेगळं म्हणजे फक्त किंमत नाही हं, डिलिव्हरीची तारीख, एखादं क्लॉज, ऑप्शनचा (पुढे मुदत वाढवण्याच्या हक्काचा) कालावधी, एक लाइन आयटम (यादीतली बाब) कमी झालेला, सगळं त्यात आलं.

यात एक बारीक मेख आहे. लेखी दुरुस्ती कंपनीकडून आलेली हवी. "त्यांना मेल केला होता की" हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की कान किटले, अहो तुम्ही केलेला मेल हे त्यांचं प्रपोजल कसं होईल, त्यांचं 'मान्य आहे' असं उत्तर आलं का ते दाखवा. फोनवर ठरलेलं तर धरूच नका. माझं सरळ मत, चर्चेच्या दोन-तीन फेऱ्या झाल्या असतील तर काहीतरी वेगळं निघतंच, दोघांच्या सह्यांची तयारी ठेवूनच बसा.

दोघांच्या सह्या असतील तर मी एसएफ 26 घेतो. आणि आता नीट वाचा: ब्लॉक 17 भरायचा, ब्लॉक 18 ला हात लावायचा नाही. 17 म्हणजे वाटाघाटीचा करार, कंपनीने सही करून परत पाठवायचा. 18 सीलबंद बोलीसाठी आहे, तिथे कंपनीची सही लागत नाही. पूर्वी 18 वर नुसतं 'अवॉर्ड' छापलेलं असायचं, त्यामुळे कॉन्ट्रॅक्ट अवॉर्ड करतोय म्हणजे तिथेच खूण करायची असं वाटणं साहजिक होतं. 2011 च्या आवृत्तीत शब्द बदलले आणि नियमातही 18 वापरू नका असं घातलं, तरी जुनी टेम्प्लेटं अजून फिरतायत. फॉर्मच्या कोपऱ्यातली तारीख बघा, नवा जीएसएच्या (हे सरकारी फॉर्म ठेवणाऱ्या एजन्सीच्या) साइटवरून उतरवून घ्या.

काहीच बदललं नसेल आणि आरएफपी (प्रपोजल मागवणारा कागद) एसएफ 33 वरच निघाला असेल तर त्याच फॉर्मचा खालचा अवॉर्डचा भाग भरा, वरती कंपनीची सही आहेच. फक्त ऑफर जिवंत आहे ना ते बघा, कंपनीने दुसरी मुदत लिहिली नसेल तर 60 दिवस. पण वाटाघाटीत किंमत हलली असेल तर एसएफ 33 नको, वरच्या सहीखाली जुनीच ऑफर राहते आणि वाचणारा गोंधळतो.

स्वतःच्या फॉरमॅटमध्ये अवॉर्ड काढायचा असेल तर ओएफ 307 च्या ब्लॉक 15 मधलं स्वीकृतीचं वाक्य (त्यातला आयटम 3 चा उल्लेख गाळून) आणि कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरचं (सरकारतर्फे सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं) नाव, सही, तारीख पहिल्या पानावर हवं. फरक असेल तर ब्लॉक 14 चं वाक्य आणि कंपनीची सही, तेही पहिल्याच पानावर, शेवटच्या पानावर ढकलू नका.

आरएफपीतले सेक्शन एल (प्रपोजल कसं द्यायचं त्या सूचना) आणि एम (निवडीचे निकष) कॉन्ट्रॅक्टमध्ये जोडायचे नाहीत, के चा (कंपनीने स्वतःबद्दल दिलेल्या माहितीचा) फक्त संदर्भ द्यायचा.

सही आधी कंपनीची, मग कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरची. कंपनीने सही करताना पेनाने एखादा आकडा बदलून पाठवला तर वर आपली सही ठोकू नका, ती नवी ऑफर झाली, परत बोलायला बसा.

अवॉर्डनंतर काही बदलायचं निघालं तर एसएफ 30, आणि कंपनीची सही लागणार की नाही हे तिथे ब्लॉक 13 मध्ये स्पष्ट खूण करून सांगायचं असतं. शिवाय एप्रिल 2025 च्या एक्झिक्युटिव्ह ऑर्डरनंतर एफएआर नव्याने लिहायला घेतलंय, त्यामुळे मी वर दिलेले कलमांचे नंबर तुमच्या एजन्सीत सध्या लागू असलेल्या मजकुराशी ताडून मगच फाईलमध्ये लिहा.