फ्रॅक्शनल डिफरन्शियल इक्वेशन सोडवताना या चुका टाळा

नाशिकमध्ये मार्च उजाडला की ऊन आणि एमएस्सीचे प्रोजेक्ट एकदमच तापायला लागतात. मागे एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, “मॅडम, सिस्टिम टी पस्तीसच्या पुढे अनस्टेबल होतेय. निष्कर्षात तसंच लिहू का?” समीकरण फ्रॅक्शनल, म्हणजे ज्यात डेरिव्हेटिव्हची कोटी (ऑर्डर) अपूर्णांक असते असं, पण अगदी साधं होतं. वायचा अर्ध्या कोटीचा डेरिव्हेटिव्ह बरोबर उणे वाय, आणि आरंभी, म्हणजे काळ टी शून्य असताना, वाय १. याचं उत्तर हळूहळू शून्याकडे उतरत जातं, कुठेच उसळत नाही. त्याचा आलेख मात्र दिवाळीतल्या भुईनळ्यासारखा उडाला होता.

या विषयातल्या बहुतेक चुका अशाच असतात. मुलांचं गणित कच्चं नसतं. पहिल्या-दुसऱ्या कोटीच्या समीकरणांवर हात इतका बसलेला असतो की तोच हात इथेही आपोआप चालतो. मीही यातून गेले आहे, त्यामुळे खालच्या यादीत माझ्याही चुका आहेत.

आलेख अचानक उसळतो

त्या मुलाने मिटाग-लेफ्लर फलनाची मालिका सरळ बेरीज करून काढली होती. हे फलन १९०३ पासून गणितात आहे आणि फ्रॅक्शनल समीकरणांत त्याला तीच जागा आहे जी साध्या समीकरणांत एक्सपोनेन्शियलला. कागदावर मालिका प्रत्येक टीला अभिसारी आहे. पण पदं आलटून पालटून अधिक-उणे येतात आणि मधली पदं अवाढव्य होतात. टी १०० असेल तर सर्वांत मोठं पद १० च्या ४२ व्या घाताएवढं, आणि खरं उत्तर सुमारे ०.०५६. कॉम्प्युटर साधारण सोळा अंक सांभाळतो. म्हणजे कांद्याचा ट्रॅक्टर भुईकाट्यावर चढवायचा, ड्रायव्हरला उतरवून पुन्हा तोलायचा, आणि वजाबाकी करून त्याच्या खिशातल्या रुपयाचं वजन सांगायचं. टी पस्तीसच्या आसपासच चूक उत्तराएवढी होते. आणखी पदं घेतल्याने काहीही सुधारत नाही, कारण आधीच्या पदांमध्ये जे अंक गळाले ते परत येत नाहीत.

अर्ध्या कोटीसाठी सुटका सोपी आहे. तिथे उत्तर म्हणजे ईचा टी घात गुणिले पूरक एरर फलन, ज्यात टीचं वर्गमूळ घालायचं. पण हा गुणाकारही वेगवेगळा काढू नका. टी सातशेच्या पुढे गेला की ईचा घात कॉम्प्युटरच्या हाताबाहेर जातो. मॅटलॅब आणि सायपाय या गणिती सॉफ्टवेअरांत ‘ईआरएफसीएक्स’ नावाचं फलन याच गुणाकारासाठी ठेवलेलं आहे. टी ३६ ला ते ०.०९३ देतं. इतर कोटींसाठी गणितज्ञ गारापाने लिहिलेला ‘एमएल’ हा मॅटलॅब प्रोग्राम वापरा. तो मालिका वापरत नाही, लाप्लास रूपांतर (डेरिव्हेटिव्हचं समीकरण बीजगणितात बदलणारं साधन) संख्यात्मक पद्धतीने उलटवतो.

कोणता डेरिव्हेटिव्ह, हे न सांगता सुरुवात

अर्ध्या डेरिव्हेटिव्हबद्दल लोपितालने विचारलं आणि लाइबनिट्झने ३० सप्टेंबर १६९५ च्या पत्रात उत्तर दिलं, इथूनच बहुतेक प्रोजेक्टची प्रस्तावना सुरू होते. ठीक आहे. पण पुढच्या पानावर राईमान-लिऊव्हिलची व्याख्या, त्याच्या पुढच्या पानावर कापुटोचं लाप्लास रूपांतर, असं मिश्रण मी दरवर्षी पाहते.

फ्रॅक्शनल डेरिव्हेटिव्हच्या या दोन वेगळ्या व्याख्या, आणि त्यांतला फरक एका स्थिरांकावर कळतो. कापुटोच्या व्याख्येने १ चा अर्धा डेरिव्हेटिव्ह शून्य येतो. राईमान-लिऊव्हिलने तो येतो १ भागिले (पाय गुणिले टी) याचं वर्गमूळ. म्हणून राईमान-लिऊव्हिलच्या समीकरणाला ‘शून्यापाशी वाय १’ अशी अट लावता येत नाही. तिथे अट फ्रॅक्शनल समाकलाच्या किमतीवर असते, आणि उत्तर स्वतः शून्यापाशी सहसा अनंताकडे जातं. १९६७ मध्ये कापुटोने जी व्याख्या मांडली तिच्यात नेहमीची आरंभीची किंमत चालते. प्रयोगात मोजता येते ती हीच किंमत, म्हणून मॉडेलिंगवाले तिच्याकडे वळतात. तुम्ही कोणतीही घ्या, पण पहिल्या पानावर नाव लिहा आणि काळ कुठून मोजताय तेही लिहा.

याच घरातली दुसरी चूक म्हणजे ‘अर्धा अधिक अर्धा बरोबर एक’. टीचं वर्गमूळ घ्या. त्याचा कापुटो अर्धा डेरिव्हेटिव्ह येतो पायच्या वर्गमूळाच्या निम्मा, म्हणजे सुमारे ०.८८६. हा स्थिरांक. त्याचा पुन्हा अर्धा डेरिव्हेटिव्ह शून्य. पण टीच्या वर्गमूळाचा नेहमीचा पहिला डेरिव्हेटिव्ह काही शून्य नाही. असा पडताळा वहीत दोन ओळींत होतो. आमच्या देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांनी ६१७४ हा त्यांच्या नावाने ओळखला जाणारा स्थिरांक कॉम्प्युटरशिवाय शोधला. आपल्याला तर दोन ओळीच लिहायच्या आहेत.

मध्येच थांबून पुन्हा सुरुवात

ही माझी स्वतःची चूक. शून्य ते पन्नासपर्यंतचं उत्तर हवं होतं आणि मशीन संथ. मी दहा-दहाचे पाच तुकडे केले, प्रत्येक तुकड्याची शेवटची किंमत पुढच्याला आरंभीची म्हणून दिली. साध्या समीकरणात हे बिनदिक्कत चालतं. माझ्या आलेखात मात्र दर दहाला एक कडा आला, जणू कुणी पायरी कोरली होती. कारण कापुटोच्या उत्तराचा उतार आरंभबिंदूपाशी अनंत असू शकतो, आणि मी दर दहाला नवा आरंभबिंदू तयार करत होते.

पुराच्या दिवसांत आपण गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीवरून सांगतो, गुडघ्याला आलं, कमरेला आलं. पण कमरेला लागलेलं पाणी जूनच्या पहिल्या सरीचं आहे की महिनाभर जमीन भिजल्यानंतरचं, यावर पुढचे दोन दिवस ठरतात. फ्रॅक्शनल समीकरणाचं तसंच आहे. आजची किंमत पुरत नाही, शून्यापासूनचा सगळा इतिहास बेरजेत येतो. म्हणूनच साध्या समीकरणांसाठीच्या मॅटलॅबच्या ‘ओडीई४५’ला हे समीकरण देता येत नाही. १०,००० पायऱ्या असतील तर जवळपास ५ कोटी गुणाकार होतात. २००२ चा डिएथेल्म, फोर्ड आणि फ्रीड यांचा प्रेडिक्टर-करेक्टर (आधी अंदाज, मग दुरुस्ती) आणि त्यावर बेतलेला ‘एफडीई१२’ हा मॅटलॅब प्रोग्राम हे काम नीट करतात. दुसऱ्यात एफएफटी (वेगवान फूरिये रूपांतर) वापरून वेळही वाचवलेला आहे. जुना इतिहास कापून टाकायचाच असेल तर किती चूक वाढली तेही दाखवा.

एकक विसरणं

थोडक्यात सांगते, पण ही चूक एक्सटर्नल परीक्षक लगेच पकडतात. बेदाण्याच्या शेडमध्ये द्राक्षं वाळतात तसा ओलावा कमी होण्याचं मॉडेल घ्या. डेरिव्हेटिव्हची कोटी ०.५ असेल तर दराचं एकक ‘दर तास’ राहत नाही, ते तासाच्या वर्गमूळावर जातं. तास सोडून दिवस घेतला तर दराला २४ ने नव्हे, सुमारे ४.९ ने गुणायचं.

स्थैर्य: रिअल पार्ट पाहून निकाल

सर्वांत जास्त गोंधळ इथे. प्रणालीच्या मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यूंचे रिअल पार्ट ऋण म्हणजे स्थिर, हा मंत्र पाठ असतो. पण फ्रॅक्शनल प्रणालीसाठी मॅटिन्यॉनने १९९६ मध्ये दिलेली कसोटी कोनावर आहे. एकाच कोटीच्या रेषीय कापुटो प्रणालीत प्रत्येक आयगेन व्हॅल्यूचा कोन, चिन्ह सोडून, ९० अंश गुणिले कोटी याहून मोठा हवा.

१ अधिक-उणे २आय घ्या. रिअल पार्ट धन, कोन ६३.४ अंश. कोटी ०.७ असेल तर मर्यादा ६३ अंश, म्हणजे प्रणाली स्थिर, जेमतेम का होईना. कोटी ०.७५ केली की मर्यादा ६७.५ आणि प्रणाली अस्थिर. उलटही होतं. कोटी १.२ असेल तर मर्यादा १०८ अंश. उणे १ अधिक-उणे ४आयचा कोन १०४, त्यामुळे रिअल पार्ट ऋण असूनही प्रणाली अस्थिर.

आता प्रोग्रामिंगची खोड. कोन ‘एटॅन’ने काढला तर उणे १ अधिक ४आयचा कोन उणे ७६ येतो, कारण भागाकारात चिन्हं हरवतात. ‘एटॅन२’ किंवा थेट ‘अँगल’ वापरा. आणि उत्तर रेडियनमध्ये आहे हे लक्षात ठेवून तुलना करा. ०.६३ ला ६३ शी तुलना केलेला प्रोजेक्ट मी पाहिलेला आहे.

दोन समीकरणांच्या कोटी वेगळ्या असतील, समजा १/२ आणि १/३, तर वरची कसोटी जशीच्या तशी लावू नका. समान छेद ६ घ्या, त्यानुसार बहुपदी तयार करा, आणि तिच्या प्रत्येक मुळाचा कोन पाय भागिले १२ याहून, म्हणजे १५ अंशांहून, मोठा आहे का ते पाहा.

स्थैर्य तपासायची लायापुनोव्हची पद्धत वापरताना एक्सच्या वर्गाला साखळी नियम लावू नका, तो इथे चालत नाही. पण शून्य आणि एकमधल्या कोटीसाठी कापुटोत एक असमता आहे: वर्गाच्या निम्म्याचा डेरिव्हेटिव्ह हा एक्स गुणिले एक्सचा डेरिव्हेटिव्ह याहून मोठा होत नाही. ती २०१४ मध्ये सिद्ध झाली आणि बहुतेक वेळा तेवढी पुरते.

उलाम-हायर्स म्हणजे स्थिर प्रणाली नव्हे

सध्या प्रत्येक दुसऱ्या प्रोजेक्टच्या नावात हे असतं. १९४० मध्ये उलामने प्रश्न मांडला, १९४१ मध्ये हायर्सने उत्तर दिलं. प्रश्न असा की समीकरण थोडं चुकवून पाळणारं फलन खऱ्या उत्तराजवळ असतं का. शून्य ते एकवर ‘वायचा डेरिव्हेटिव्ह बरोबर वाय’ हे समीकरण उलाम-हायर्स स्थिर आहे, आणि त्याची उत्तरं तर फुगत जातात. तेव्हा साथरोगाच्या मॉडेलसाठी मर्यादित अंतरावर हे सिद्ध करून शेवटी ‘म्हणून रोग आटोक्यात येईल’ असं लिहू नका.

अस्तित्वाच्या प्रमेयातही असंच. बनाखच्या स्थिरबिंदू पद्धतीत ‘अमुक गुणोत्तर एकपेक्षा कमी’ ही अट येते. ती पुरेशी आहे, आवश्यक नाही. गुणोत्तर दीड आलं म्हणून उत्तर नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. बऱ्याचदा भारित नॉर्म (फलनांतलं अंतर वजन लावून मोजायची रीत) घेतला की तीच पद्धत सगळ्या अंतरावर चालते.

पुण्याच्या वर्षा दफ्तरदार-गेजी आणि हुसेन जाफरी यांची २००६ ची पुनरावृत्ती पद्धत आपल्याकडे खूप वापरली जाते, आणि ती वापरायला खरंच सुटसुटीत आहे. पण तीन-चार पदं घेऊन शून्य ते एकपर्यंतचा आलेख काढायचा आणि त्यावरून दीर्घकाळाचं स्थैर्य सांगायचं, हा दोष पद्धतीचा नाही, आपला आहे.

‘एक्सपोनेन्शियली स्थिर’

सुरुवातीच्या त्या मुलाने मालिका काढून टाकली आणि ईआरएफसीएक्स घातलं. आलेख ताळ्यावर आला. त्याने लगेच लिहिलं, ‘उत्तर एक्सपोनेन्शियल वेगाने शून्याकडे जाते.’ मी विचारलं, “०.०१ च्या खाली कधी येतं ते काढलंस का रे?” साध्या समीकरणात ते टी ४.६ ला होतं. इथे घसरण टीच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात आहे. त्याने हिशेब केला, दोनदा केला, मग आडव्या अक्षाची मर्यादा ५० वरून ३,२०० केली. उत्तर ३,१८३ ला खाली आलं.