पायरेट्स ऑफ द बर्निंग सी: आधी वारा ओळखा, मग तोफा डागा

जून-जुलैची मासेमारीबंदी लागली, की गोव्यात मालीमच्या जेटीवर ट्रॉलर रांगेने विसावतात आणि पावसामुळे मुलंही घरात अडकतात. शिडांच्या जहाजांचा खेळ शिकायला हे दिवस चांगले. ‘पायरेट्स ऑफ द बर्निंग सी’ हा ऑनलाइन खेळ २००८ मध्ये आला आणि २०१० पासून फुकट खेळता येऊ लागला. यातला काळ १७२० चा, समुद्र कॅरिबियन. त्याच काळात आपल्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं फिरत होती. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आंग्र्यांच्या अलिबागजवळच्या कुलाब्यावर चालून गेले, तरी त्यांना तो किल्ला घेता आला नाही.

आधी अधिकृत संकेतस्थळावर सर्व्हर चालू असल्याची खात्री करा आणि खेळ तिथूनच उतरवा. विंडोजचा संगणक लागेल. राउटर इन्व्हर्टरला जोडा, कारण पावसात वीज कधी जाईल याचा आपल्याकडे नेम नसतो.

मग पक्ष निवडायचा: ब्रिटन, स्पेन, फ्रान्स किंवा चाचे. त्यानंतर पेशा. लढाई शिकायची असेल तर नवख्याने नौदल अधिकारी व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. व्यापाऱ्याचा पेशाही सुंदर आहे, पण त्याची खरी गोडी बाजारभाव कळू लागल्यावर लागते.

आता समुद्र. इथे घाई नको. पहिल्या मोहिमांत तोफांकडे पाहूच नका, वाऱ्याची दिशा पाहा. दुपारी मिरामारला खारा वारा नदीच्या मुखातून आत येतो, तेव्हा त्याच्या तोंडावर शीड उभारून होडी पुढे जात नाही, खेळातही तसंच. वाऱ्याच्या थेट समोर नाक केलंत की जहाज जागीच थबकतं आणि शत्रू निवांत नेम धरतो. आडव्या शिडांचं जहाज मागून, जरा तिरक्या वाऱ्यावर खुलतं. उभ्या शिडांचं वाऱ्याच्या जास्त जवळून जाऊ शकतं. आपलं जहाज कोणत्या कोनात सर्वांत वेगाने धावतं, हे हाताला बसेपर्यंत नुसतं फिरवत राहा.

मग गोळे. जहाजाच्या चारही बाजूंना वेगवेगळं कवच असतं. म्हणून एकाच बाजूवर मारा करत राहा आणि आपली फुटत आलेली बाजू वळवून शत्रूपासून लपवा. तो पळत असेल तर साखळीगोळ्यांनी शिडं फाडा. जहाजावर चढायचं ठरवलं असेल तर छर्र्यांनी खलाशी कमी करा, वेग उतरवा, जवळ जा आणि गळ टाका.

डेकवर पाय पडला, की तलवारीचा दुसराच खेळ सुरू होतो. शत्रूच्या कप्तानाला पाडणं हे तिथलं मुख्य काम. जीव किती उरलाय एवढंच बघू नका, तोल सांभाळा. तोल ढळला की प्रत्येक वार लागू लागतो. तलवारबाजीच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. एक धरा आणि कौशल्याचे गुण तिच्यातच घाला.

नकाशावर एखाद्या बंदराभोवती लाल वर्तुळ दिसलं, तर तिथे दुसरे खेळाडू तुमच्यावर हल्ला करू शकतात. माल भरलेलं जहाज घेऊन तिथे शिरू नका. वळसा पडला तरी बाहेरून जा. आणि खेळातल्या दुकानात खरे पैसे घालायचेच असतील, तर आपला पेशा पक्का ठरल्यावरच घाला.