झाकणाला चिकटलेली हळद आणि माझी पीएचडी

विमानतळावर सुरक्षारक्षक बॅगेच्या मुठीवरून कापडाची पट्टी फिरवून यंत्रात घालतो, ते पाहिलं असेल तुम्ही. त्या पट्टीला स्फोटकाचे कण का लागतात आणि का लागत नाहीत, यावर मी अमेरिकेत पीएचडी केली. आई म्हणाली होती, "म्हणजे बॉम्ब करायला शिकणार का गं?" खरं तर पाच वर्षांत स्फोटकाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांपलीकडे काही हाताळलं नाही.

आरडीएक्सची वाफ जवळजवळ नसतेच: हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे मोजके रेणू. म्हणून कण पुसूनच घ्यावे लागतात. आणि ते सहज सुटत नाहीत. हळदीचा डबा उपडा केला तरी झाकणाची हळद खाली पडते का? दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणाला धरून ठेवणारं व्हॅन डर वाल्स बल, म्हणजे अगदी जवळ आलेल्या रेणूंमधलं आकर्षण, त्याच्या वजनाच्या हजारो पट असू शकतं.

हे बल मोजायला ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप वापरतात. केसाहून बारीक कॅन्टिलिव्हरच्या, म्हणजे एकाच बाजूने धरलेल्या लवचिक पट्टीच्या, टोकाला इपॉक्सी गोंदाने स्फोटकाचा एक स्फटिक चिकटवायचा, पृष्ठभागाला टेकवायचा, मागे ओढायचा. पट्टी वाकते, वाकते आणि टचकन सुटते. त्या क्षणीचं वाकणं गुणिले पट्टीचा कडकपणा, झालं बल, नॅनोन्यूटनमध्ये. पहिले दोन महिने माझे स्फटिक इपॉक्सीत बुडत होते. थेंब छोटा घ्या, आणखी छोटा.

खरी डोकेदुखी पुढे. तोच स्फटिक, तोच रंगवलेला पत्रा, दोन मायक्रॉन सरकलं की आकडा निम्मा किंवा तिप्पट. मी बिघाड समजून यंत्र दोनदा कॅलिब्रेट केलं. बिघाड नव्हता. पत्रा खडबडीत असतो, कण त्याच्या उंचवट्यांच्या टोकांवरच टेकतो, आणि किती टोकं लागतील हा नशिबाचा भाग. एका सरासरीला अर्थ नाही, शेकडो मोजमापांचं वितरण दाखवावं लागतं. म्हणून या विषयात पीएचडीला येताना क्वांटम नाही आलं तरी चालेल, संख्याशास्त्र मात्र पक्कं करून या. आर्द्रताही नोंदवा. दमट हवेत संपर्काच्या जागी पाणी साचून कण आणखी घट्ट बसतो. माझी पहिल्या उन्हाळ्यातली अर्धी वही त्या एका रकान्याअभावी वाया गेली.

नोकरीचं म्हणाल तर भारतात पुण्याची एचईएमआरएल ही डीआरडीओची स्फोटकांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे, स्फोटक ओळखण्याचा किट तिथलाच. औषधांच्या पावडरी आणि सेमीकंडक्टरची सफाई यांनाही हेच शास्त्र लागतं. अमेरिकेतल्या सुरक्षा क्षेत्रातल्या बऱ्याच जागांना मात्र नागरिकत्व लागतं. जाहिरातीत तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मला ते मुलाखतीच्या तिसऱ्या फेरीत कळलं.